तांबडी शाई

दिवाळी तोंडावर आली की घरोघरच्या गृहिणींच्या हातांना तळणाचा वास येतो आणि आम्हा मास्तरांच्या बोटांना तांबड्या शाईचे डाग पडतात. आत चकलीचा घाणा निघत असतो आणि बाहेर ओसरीवर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून मी बसलेला असतो. चकली मोडली तर ती मुलांच्या हातावर ठेवता येते. पण मोडक्या वाक्याचे काय करायचे, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे पडलेला आहे. त्याचाच विचार यंदा वाचकांपुढे मांडावा म्हणतो. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरात शाळेत जाणारे एक तरी मूल आहे, त्या घरात हा प्रश्न दप्तरातून रोज येतच असतो.

आधी माझा अधिकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाची निराशा व्हायला नको. मी मॅट्रिक. त्यातही इंग्रजीत काठावर पास. वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यात लहानशा खाजगी शाळेत शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा इंग्रजीच्या पंडिताने काढलेला हा निकाल नव्हे. चुका करत करत जो थोडेफार शिकला आणि आता दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, अशा माणसाचे हे टिपण आहे.

नवव्या इयत्तेच्या मुलांना 'माझे वडील' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितले होते. एका मुलीची वही हाती आली. पहिलेच वाक्य होते, 'माय फादर आर नॉट.' मी सवयीने 'आर' खोडून वर 'इज' लिहिले. मग 'नॉट'पुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले आणि समासात शेरा मारला : वाक्य अपुरे, वडील काय नाहीत ते लिही. असे एकंदर सतरा ठिकाणी तांबडे करून मी पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन टेबलाशी उभी राहिली. बोलेना. बाजूच्या मुलीने हळूच सांगितले, "सर, तिचे बाबा वारले. दोन साल झाले."

वाचकहो, ते वाक्य आता मराठीतून वाचा : माझे वडील नाहीत. त्यात काय अपुरे आहे? मराठीत याहून पुरे वाक्य शोधून सापडायचे नाही. तिने शब्दाला शब्द ठेवून आपल्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट मला सांगितली होती, आणि मी तिला विचारीत होतो, काय नाहीत? त्या दिवसापासून तांबड्या शाईचे पेन उचलताना माझा हात किंचित अडखळतो. ते अडखळणे योग्य की अयोग्य, याचा निकाल मला लावायचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. चुका दुरुस्त करूच नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणारे जगात आहेत. जॉन ट्रस्कॉट नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली एक लेख लिहून असे प्रतिपादन केले, की परभाषा शिकणाऱ्याच्या लेखनातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणे निष्फळ, किंबहुना अपायकारक असते. ही प्रथा सोडून द्यावी. डेना फेरिस या बाईंनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिले, की निकाल देण्याची इतकी घाई करू नये. दुरुस्ती नेमकी आणि निवडक असेल तर ती उपयोगी पडते. हा वाद पुढेही चालू राहिला. माझे मत फेरिसबाईंच्या बाजूचे आहे, पण त्याचे कारण शास्त्रीय नाही. आमच्या गावची मुलगी उद्या अकोल्याला किंवा अमरावतीला कॉलेजात जाईल, आणि तेथे तिच्या 'माय फादर आर' वर वर्ग हसेल. जो मास्तर दया म्हणून चूक सोडून देतो, तो ते हसू फक्त पुढे ढकलतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला चूक सुधारणारे घरीच कोणी ना कोणी भेटते. सोयाबीन काढायला जाणाऱ्या आईच्या मुलीला मास्तरावाचून दुसरे कोण आहे?

तेव्हा दुरुस्ती हवीच. प्रश्न एवढाच, की कशाची, कोणत्या क्रमाने, आणि वाक्य कोणाचे आहे हे पाहून की न पाहता.

आपल्याकडे ही विद्या शिकवणारी दोन पुस्तके घरोघर पूजेला लागलेली आहेत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे रेन आणि मार्टिन यांचे हायस्कूल व्याकरण. दोन्ही पुस्तकांचे माझ्यावर ऋण आहे, म्हणून त्यांच्याविषयी स्पष्ट बोलण्याचा हक्क मी घेतो.

तर्खडकरांची रीत सर्वांना ठाऊक आहे. नियम मराठीत सांगायचा, शब्द द्यायचे, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी करवून घ्यायचे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या या रुळावरून गेल्या. हल्ली या पद्धतीला नाके मुरडण्याची चाल पडली आहे. भाषांतराने बोलता येत नाही, असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु या पाठमालेचा एक मोठा गुण आजच्या चकचकीत पुस्तकांत हरवला : मूल मराठीतून येत आहे, ही गोष्ट ती लपवीत नाही. दोन भाषा शेजारी शेजारी मांडल्या की कोठे रस्ता फुटतो ते दिसते. तिचा दोष म्हणाल तर असा, की तिच्यातली वाक्ये कोणाचीच नसतात. त्यांतला मुलगा आंबा खातो, राजा शत्रूला जिंकतो, आणि या दोघांशी वाचणाऱ्याचे काही देणेघेणे नसते.

रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३०च्या दशकातले. त्यातले रेनसाहेब म्हणजे पी. सी. रेन. हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि कराचीच्या हायस्कुलात त्यांनी हेडमास्तरकी केली. पण जगात त्यांचे नाव झाले ते कादंबरीकार म्हणून. 'बो जेस्ट' ही त्यांची साहसकथा १९२४ सालची, आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाले. मास्तर आणि कादंबरीकार! हे कळले तेव्हा मला उगाचच नातेवाईक भेटल्यासारखे वाटले. मात्र त्यांच्या व्याकरणात कादंबरीकार कोठेच डोकावत नाही. 'खालील वाक्ये शुद्ध करा' या मथळ्याखाली वाक्यांची रांग उभी असते. कोण बोलला, कोणाला बोलला, का बोलला, काही नाही. चूक तेवढी उचलायची, जसा तांदळातला खडा. या शिस्तीने आमच्या पिढीचे इंग्रजी घट्ट केले हे खरे. पण वाक्यात खडा दिसला की माणूस दिसेनासा होतो, ही खोडही तिनेच लावली. 'माय फादर आर नॉट' वाचून मी जे केले, ते याच शिस्तीने केले.

आता मुलांच्या चुकांकडेच जरा निरखून पाहू. वह्या तपासता तपासता मी काही वाक्ये टिपून ठेवली आहेत. ती हसण्यासाठी नव्हेत. हसू आले तर सणाचे दिवस आहेत, हसावे. पण मग थोडे थांबावे.

एक मुलगा लिहितो, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' मास्तर 'आय हॅव' करतो आणि मोकळा होतो. पण मराठीत काय आहे ते पाहा. आपण म्हणतो, मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे दोन रुपये आहेत. माझ्यात दम आहे. भावाला 'मला', पैशाला 'माझ्याकडे' आणि गुणाला 'माझ्यात'. नाते, मत्ता आणि अंगचे बळ यांची आपण तीन खाती ठेवली आहेत. इंग्रजांनी सगळे एका 'हॅव'मध्ये कोंबले. भाऊही 'हॅव' आणि म्हैसही 'हॅव'. बरे, ते मूल मनातल्या 'आहेत'साठी इंग्रजी शब्द शोधते, त्याला 'ॲम' सापडतो, आणि 'हॅव' तर हवाच असे सरांनी सांगितलेले असते; दोन्ही जोडून ते 'ॲम हॅविंग' करते. यात गाढवपणा कोठे आहे? ही तर मोठी खटपट आहे.

आमच्या वऱ्हाडात आणखी एक गंमत. पुण्याकडचा माणूस 'मी शाळेत जातो आहे' म्हणेल. आमचे पोरगे म्हणते, 'मी शाळेत जाऊन राह्यलो.' काय करून राह्यला, कोठे जाऊन राह्यला, असे आमचे सगळे चालूच असते. त्यामुळे इंग्रजीत गेल्यावरही त्याला साध्या वर्तमानकाळापेक्षा 'आयएनजी' लावलेले रूप जवळचे वाटते. 'आय ॲम गोइंग टु स्कूल डेली' हे त्याचे वाक्य सरळ वऱ्हाडातून गेलेले आहे.

तिसरे उदाहरण. तास संपल्यावर एक लहानगा दाराशी थांबून म्हणाला, "सर, मे आय कम?" मी म्हटले, "अरे, तू तर आत आहेस. गो म्हण." तो गोंधळला. घरी आजीने त्याला शिकवले होते, की निघताना 'जातो' कधी म्हणू नये, 'येतो' म्हणावे. त्याची चूक व्याकरणाची नव्हती. संस्कार चांगला असल्यामुळे झालेली होती. मी त्याला 'गो' शिकवले, कारण शिकवणे भाग होते. पण आजीचे म्हणणे चूक, असे त्याच्या मनात राहू नये म्हणून दोन मिनिटे जास्त घालवली.

'माय हेड इज पेनिंग', 'ही टोल्ड टु मी', 'टुडे मॉर्निंग', 'क्लोज द फॅन' ही सगळी वाक्ये याच जातीची : माझे डोके दुखते, त्याने मला सांगितले, आज सकाळी, पंखा बंद कर. मात्र सगळ्याच चुकांचे खापर मराठीवर फोडता येत नाही. 'बॉइज प्लेज' असे लिहिणारा मुलगा मराठीमुळे चुकत नाही. नामाला 'स' लागला की अनेकवचन होते हे तो शिकला, आणि क्रियापदालाही अनेकवचनात 'स' लागत असणार, असा त्याने तर्क केला. तर्क बिनचूक आहे, भाषा आडमुठी आहे. नामाचा 'स' अनेकांचा आणि क्रियापदाचा 'स' एकट्याचा, हा कारभार कोणत्या शहाण्याने केला, असे त्याने विचारले तर मास्तराजवळ उत्तर नाही.

एडिंबरोच्या पिट कॉर्डर नावाच्या प्राध्यापकांनी १९६७ साली एक निबंध लिहिला. त्याचा सारांश आपल्या भाषेत सांगायचा तर असा : शिकणाऱ्याच्या चुकीला केर समजू नका, त्याच्या मनात या घटकेला भाषेचे कोणते नियम तयार झाले आहेत, याचा तो पुरावा आहे. घाईत किंवा थकव्यात झालेली चूक वेगळी आणि नियम म्हणून मनात बसलेली चूक वेगळी. पहिली मूल स्वतःच सुधारते. दुसरीकडे मास्तराने लक्ष द्यायचे. ही गोष्ट आमच्याकडची सुईण किंवा वैदूसुद्धा सांगेल. ताप हा रोग नसतो, रोगाची खबर असते. आम्ही मास्तर मात्र खबर आणणाऱ्यालाच छडी मारीत आलो.

येथे एखादा वाचक म्हणेल, की हे लाड परक्या भाषेचे कशाला? इंग्रजी इंग्रजांचे, त्यांच्याप्रमाणे बोलावे, नाहीतर बोलू नये. त्याला थोडा इतिहास सांगतो.

आमच्या जिल्ह्याच्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. इंग्रज आले आणि वाशीमचे त्यांनी 'बासिम' केले. वऱ्हाडचे 'बेरार' आणि पुण्याचे 'पूना' तर सर्वांना माहीत आहे. हा बासिम जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात घातला गेला, आणि वाशिम जिल्हा पुन्हा उभा राहिला तो १ जुलै १९९८ रोजी. इतकी वर्षे सरकारी कागदांवर आमच्या गावाचे नाव चुकीचे लिहिले गेले. कोणी त्या साहेबांच्या वहीत तांबडे केले नाही. राज्य करणाऱ्याची चूक नकाशात छापली जाते आणि प्रजेची चूक समासात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. फादर स्टीफन्स हा इंग्लंडातला माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत! लहानपणापासून इंग्रजी बोलणारा मनुष्य ओवी रचण्यापर्यंत पोचतो, म्हणजे मधल्या वर्षांत त्याने किती वाक्ये मोडली असतील, आणि त्याला हसून का होईना, पण नीट सांगणारी माणसे भेटली असतील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. तोही आपल्याकडच्या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने झाला. आणि मेजर कँडी? हे साहेब मराठी शिकून इतके पुढे गेले, की मराठी शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली आणि मराठी लेखकांचे मराठी एक इंग्रज दुरुस्त करू लागला! विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांना देतात. मी त्या मुलीच्या वाक्यापुढे जे प्रश्नचिन्ह काढले, ते चिन्हसुद्धा आपल्याकडे असेच आलेले.

थोडक्यात, भाषा शिकणारा चुकतो, मग तो साहेब असो की सालदाराचा मुलगा. फरक एवढाच, की एकाच्या चुकीला वाट मिळते आणि दुसऱ्याच्या चुकीला शिक्षा.

या विषयावर आपल्याकडे एक फार प्रसिद्ध कविताही आहे. मुंबईचे कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' त्यांचा बेने इस्राएल समाज पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आलेला. ते स्वतः मात्र इंग्रजीतच लिहीत आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. परदेशी निघालेल्या एका बाईंच्या निरोपसमारंभात कोणी सहकारी भाषण करीत आहे, एवढाच त्या कवितेचा प्रसंग. सारे भाषण 'आयएनजी'ने भरलेले. वाचताना हसू आवरत नाही. असली भाषणे आपण प्रत्येक निरोपसमारंभात ऐकलेली असतात, आणि खरे सांगायचे तर केलेलीही असतात.

परंतु मला ही कविता दुसऱ्यांदा वाचताना जरा टोचली. आपण हसतो ते कोणाला? कवीचा कान तीक्ष्ण आहे यात शंका नाही. तो वक्ता पोकळ बोलतो, मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जातो, हे कवीने अचूक पकडले आहे. पण पोकळपणा 'आयएनजी'त नसतो. शुद्ध व्याकरणात पोकळ बोलणारे वक्ते मी याहून जास्त ऐकले आहेत, आणि त्यांच्यावर कोणी कविता केली नाही. कवितेची गंमत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळण्यावर उभी आहे : बोलणे चुकीचे, म्हणून माणूस हास्यास्पद. कवितेत हे चालते, कारण कवीला त्या माणसाविषयी मायाही वाटते, आणि ती मधून मधून जाणवते. वर्गात मात्र हेच मिश्रण विष होते. मूल एकदा हसले गेले, की पुन्हा तोंड उघडत नाही. आणि जे तोंड उघडत नाही, त्याची चूकही कोणाला दिसत नाही. मग आपण त्याला 'शांत मुलगा' म्हणून प्रगतिपुस्तकात चांगला शेरा देतो.

ही टोचणी मला का लागली, तेही सांगतो. माझी एक कादंबरी एका प्रकाशकाकडे गेली होती. तिच्यातली म्हातारी वऱ्हाडीत बोलते. मुद्रिते परत आली तेव्हा म्हातारीचे 'मले' जाऊन 'मला' झाले होते, 'काहून'चे 'का' झाले होते, आणि ती शेणाने हात भरलेली म्हातारी आकाशवाणीवरून बातम्या देत असल्यासारखी बोलत होती. मुद्रितशोधक प्रामाणिक होता. त्याने खडे वेचले होते. मी रागारागाने सगळे 'मले' परत घातले. आणि त्याच आठवड्यात मी वर्गात एका मुलाच्या मराठी निबंधातला 'मले' तांबड्याने खोडला! तेव्हा मला माझेच हसू आले. माझी म्हातारी शुद्ध आणि त्याची आजी अशुद्ध, हा कोठला न्याय?

आमच्या वत्सगुल्माची साक्ष येथे कामी येते. येथला राजा सर्वसेन कवी होता. त्याने 'हरिविजय' हे काव्य रचले, ते संस्कृतात नव्हे, प्राकृतात. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा ताम्रपट वाशीमलाच सापडला. त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा व्यावहारिक तपशील प्राकृतात. म्हणजे पूर्वजांची थोरवी सांगायला एक भाषा आणि शेतजमिनीचा व्यवहार कळायला दुसरी. दोन्ही एकाच पत्र्यावर, आणि कोणी कोणाला खोडलेले नाही. आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लावले, तेही याच वत्सगुल्मात. ज्या गावात काव्याचे लग्न लागले, त्या गावच्या पोरांना बोलायची लाज वाटावी, ही काही बरी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्र सरकारने २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. आम्ही ते पाचवीत शिकायला लागलो होतो. तो निर्णय चांगला की वाईट, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्यात पडायचे नाही. त्यामुळे एक गोष्ट मात्र झाली : सहा वर्षांच्या मुलाच्या हातून आता दोन भाषांत चुका होतात, आणि तांबडी शाई दुप्पट लागते. म्हणून ती कशी वापरावी, याचा विचारही दुप्पट व्हायला हवा. माझ्यापुरते मी काही नियम घातले आहेत. ते येथे देतो. पालकांनाही घरी उपयोगी पडतील.

पहिला नियम, वही पहिल्यांदा वाचताना हातात पेन घ्यायचे नाही. पत्र आले असे समजून वाचायचे. दुसरा, अर्थ कळला नाही तर 'हे मराठीत सांग' असे मुलालाच विचारायचे. हा नियम मी त्या दिवशी पाळला असता, तर ते प्रश्नचिन्ह माझ्या हातून निघाले नसते. तिसरा, चुकांच्या तीन पाट्या करायच्या : ज्यामुळे भलताच अर्थ होतो ती चूक आधी, ज्यामुळे परीक्षेत आणि जगात अडेल ती नंतर, आणि जी केवळ साहेबाच्या कानाला खटकते, ती सर्वांत शेवटी. 'प्रीपोन' हा शब्द आपण चुकीचा म्हणून किती वर्षे खोडीत होतो. आता तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. चौथा, एका वेळी एकाच जातीची चूक धरायची. सतरा ठिकाणी तांबडे झालेल्या वहीतून मूल सतरा गोष्टी शिकत नाही. आपल्याला काही येत नाही, ही एकच गोष्ट शिकते. आणि पाचवा, नियमामागचे कारण ठाऊक असेल तर सांगायचे.

या पाचव्या नियमापाशी मी स्वतः एकदा अडलो, आणि ती गोष्ट सांगून हे टिपण संपवतो.

त्या मुलीला मी जवळ बसवले. चुकलो म्हणालो. मग सांगितले, की इंग्रजीत हे 'माय फादर इज नो मोअर' असे लिहितात. तिने मान हलवली, लिहिले, आणि पुन्हा थांबली. म्हणाली, "सर, इज लिहिलं तर बाबाले एकेरी होत नाही काय?"

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी त्या दिवशी नव्हते. 'इंग्रजीत तसेच असते' असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र पुस्तके धुंडाळली. तेव्हा जे लक्षात आले, ते दुसऱ्या दिवशी तिला सांगितले, आणि साऱ्या वर्गालाही. इंग्रजीतही पूर्वी एका माणसाला 'दाऊ' म्हणत आणि अनेकांना 'यू'. पुढे मान द्यायचा तर एकट्यालाही 'यू' म्हणू लागले, अगदी आपण एकट्या वडिलांना 'तुम्ही' म्हणतो तसे. त्या 'यू'बरोबर अनेकवचनी 'आर' आले. हळूहळू सगळ्यांनाच मान देण्याची रीत पडली आणि बोलण्यातून 'दाऊ' नाहीसा झाला. क्वेकर पंथाच्या लोकांनी त्याला विरोध केला होता. एका माणसाला अनेकवचन ही खोटी खुशामत, असे त्यांचे म्हणणे. पण ते लोक हरले. म्हणून आजही इंग्रज समोरच्या एकट्या माणसाला 'यू आर' म्हणतो. ते आदरार्थी बहुवचनच आहे. फक्त साहेब ते विसरून गेला आहे.

म्हणजे त्या मुलीने 'माय फादर आर' लिहिताना जे केले, तेच इंग्रजांनी आपल्या 'यू'च्या बाबतीत केले होते. त्यांची ती चूक सगळ्यांनी मिळून केली म्हणून तिचे व्याकरण झाले. हिची चूक एकटीची, म्हणून ती चूक राहिली.

"मग मी काय लिहू?" तिने विचारले.

मी म्हटले, "पेपरात 'इज' लिही. गुण त्यालाच मिळतात. आणि 'आर' का लिहिलं होतंस, ते विसरू नकोस."

तिने 'इज' लिहिले. वही मी तपासली, पण त्या पानावर दुसरे तांबडे काही केले नाही. खाली फक्त सही केली आणि तारीख घातली. यंदाच्या गठ्ठ्यात तिची उत्तरपत्रिका आहे. चुका अजून आहेत, त्या दुरुस्त करीन. आतून फराळाला हाक आली आहे, तेव्हा एवढे पुरे.